सॅलरीवर असलात तरी ओव्हरटाइम मिळू शकतो: अमेरिकेतला हिशोब नेमका कसा करायचा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांच्या डोक्यात एक समज पक्का बसलाय, की सॅलरी म्हटलं की ओव्हरटाइम विसरायचा, तो फक्त तासावर काम करणाऱ्यांचा. एचआरवाले पण बऱ्याचदा असंच बोलतात, तुम्ही सॅलरीवर आहात म्हटलं की त्यांच्या दृष्टीने विषय संपला. पण संपत नाही. तुम्ही सॅलरीवर आहात एवढ्याने कायद्याचं भागत नाही, तुम्ही एक्झेम्प्ट (म्हणजे ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलेले) की नॉन-एक्झेम्प्ट हे बघावं लागतं, आणि सॅलरीवर असूनही नॉन-एक्झेम्प्ट असलेले लोक ढिगाने आहेत. फक्त त्यांना ते कोणी सांगितलेलं नसतं.

पेरोल, म्हणजे लोकांच्या पगाराचा हिशोब, हे माझं रोजचं काम, त्यामुळे आधीच सांगते, दीडपट द्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं, खरी गडबड होते ती भागाकारात. दीडपट कशाच्या? तासाच्या रेटच्या. आणि सॅलरीला तासाचा रेट छापलेला नसतो, तो काढावा लागतो, म्हणजे पगाराला कितीने तरी भागायचं. तो आकडा ४०, ४५ की ४८ यावर तुमच्या हातात २७० डॉलर येणार की ७५ हे ठरतं. खाली करूनच दाखवते, पण त्याआधी दोन-तीन गोष्टी क्लिअर करून घेऊ.

आधी बघा, तुम्ही मोडता कुठे

मूळ कायदा १९३८ चा, फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट, सगळे एफएलएसए म्हणतात. सुरुवातीला त्यात आठवड्याची मर्यादा ४४ तास होती, ऑक्टोबर १९४० पासून ती ४० झाली आणि अजून तीच आहे. ४० च्या वर काम झालं की दीडपट, पण एक्झेम्प्ट लोक सोडून.

एक्झेम्प्ट ठरायला साधारण तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही लागतात, एखादी असून चालत नाही. पहिली, पगार ठरलेला पाहिजे, म्हणजे मंगळवारी दोन तास लवकर निघालात म्हणून कापता येणार नाही असा. दुसरी, तो आठवड्याला निदान ६८४ डॉलर पाहिजे, वर्षाचे ३५,५६८. तिसरी, काम त्या प्रकारचं पाहिजे: एक्झिक्युटिव्ह, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, प्रोफेशनल किंवा ठरावीक कॉम्प्युटर काम. डॉक्टर, वकील, शिक्षक यांना पगाराची अट लागू नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

६८४ च्या आकड्यावर बराच गोंधळ आहे, कारण २०२४ मध्ये तो वाढवला होता, १ जुलैपासून ८४४ झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून १,१२८ होणार होता, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो अख्खा नियम रद्द केला आणि गाडी परत ६८४ वर आली. नेटवर अजून जुनी पानं फिरतायत ज्यात ८४४ किंवा १,१२८ लिहिलंय, त्यावर जाऊ नका.

आता तिसरी अट, खरी भांडणं इथेच होतात. पदाच्या नावाला काही किंमत नाही. कार्डावर असिस्टंट मॅनेजर लिहिलंय आणि दिवसभर माल लावणं आणि कॅश काउंटर सांभाळणं चाललंय तर तो माणूस एक्झिक्युटिव्ह होत नाही. एक्झिक्युटिव्हसाठी मुख्य काम मॅनेजमेंटचं पाहिजे, हाताखाली निदान दोन फुलटाइम माणसांइतका स्टाफ पाहिजे, आणि कोणाला घ्यायचं-काढायचं यात त्याच्या शब्दाला वजन पाहिजे. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह म्हणजे ऑफिसात बसून काम करणारा प्रत्येक जण असं नाही, महत्त्वाच्या बाबतीत स्वतःच्या अकलेने निर्णय घ्यायची मुभा पाहिजे. बिलं सिस्टिममध्ये टाकणारी, ठरलेल्या चेकलिस्टप्रमाणे काम करणारी व्यक्ती यात सहसा बसत नाही, पगार कितीही बरा असू दे.

आयटीवाल्यांसाठी: सिस्टिम ॲनालिस्ट, प्रोग्रामर, सॉफ्टवेअर इंजिनिअर बहुतेक एक्झेम्प्टच निघतात, तिथे उगाच आशा ठेवू नका. पण हेल्पडेस्कवर तिकिटं सोडवणारा, लोकांचे पासवर्ड रिसेट करणारा, मशीन बसवून देणारा माणूस कॉम्प्युटरवर काम करतो म्हणून एक्झेम्प्ट होत नाही. आणि व्हिसाचा इथे काही संबंध नाही, एच-१बी असो, ओपीटी (विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) असो नाहीतर स्पाउसचं वर्क परमिट असो, हा कायदा सगळ्यांना सारखाच.

जास्त पगार म्हणजे ओव्हरटाइम नाही हे पण नेहमी खरं नसतं बरं का. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात हेलिक्स एनर्जी विरुद्ध ह्युइट म्हणून केस झाली, तो माणूस समुद्रातल्या तेलाच्या रिगवर काम करायचा आणि वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर कमवायचा, तरी कोर्टाने सांगितलं की याला ओव्हरटाइम लागू आहे, कारण त्याला पैसे दिवसाच्या रेटने मिळायचे, ठरलेली सॅलरी नव्हतीच. पहिली अट तिथेच गळाली, बाकीच्या बघायची गरजच पडली नाही.

तास मोजायची पद्धत

ओव्हरटाइमचा हिशोब आठवड्याचा असतो, महिन्याचा नाही आणि पगाराच्या सायकलचा तर अजिबात नाही. आठवडा म्हणजे लागोपाठचे १६८ तास, कंपनीने एकदा ठरवलेले, रविवार ते शनिवार असेल किंवा बुधवार ते मंगळवार असेल. पगार दोन आठवड्यांनी येतो म्हणून पहिल्या आठवड्यात ५० आणि दुसऱ्यात ३० तास झाले तर सरासरी ४० निघाली, ओव्हरटाइम नाही, असं कोणी म्हटलं तर ते सरळ चूक आहे. पहिल्या आठवड्याचे १० तास ओव्हरटाइम झाले ते झाले.

मोजायचे ते प्रत्यक्ष काम केलेले तास. सोमवारी पेड हॉलिडे होता आणि बाकी दिवसांत ३८ तास भरले, तर पगार ४६ तासांचा दिसेल पण काम ३८ च, फेडरल नियमात ओव्हरटाइम शून्य. सुट्टीचे आणि आजारपणाचे तास ४० च्या मोजणीत धरत नाहीत, कंपनीने स्वतःहून धरले तर चांगलंच आहे.

पाच ते वीस मिनिटांचा ब्रेक कामातच धरायचा, चहाला गेलात म्हणून वेळ कापायची नाही. जेवणाची अर्धा तास किंवा जास्त सुट्टी कापता येते, पण तेव्हा खरंच मोकळं सोडलेलं पाहिजे, सँडविच खाता खाता फोन उचलत असाल तर ते कामच. घर ते ऑफिस प्रवास धरत नाहीत, पण दिवसाच्या मधे एका साइटवरून दुसरीकडे पाठवलं तर तो वेळ धरायचा. आणि रात्री घरून जे ईमेल आणि मेसेज चालतात, ते पण काम आहे. मॅनेजरला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं आणि त्याने चालू दिलं, तर पैसे द्यावे लागतात. आधी परवानगी घेतली नव्हती म्हणून समज देता येते, पैसे अडवता येत नाहीत.

आता भागाकार

पहिलं काम, पगार आठवड्यावर आणा. महिन्याचा असेल तर १२ ने गुणा आणि ५२ ने भागा. ४ ने भागू नका, महिन्यात चार आठवडे फक्त फेब्रुवारीत असतात. महिन्यातून दोनदा, म्हणजे १५ आणि ३० तारखेला येत असेल तर २४ ने गुणून ५२ ने भागा. दर दोन आठवड्यांनी येत असेल तर सरळ २ ने भागा. शेवटच्या दोन्हीत लोक हमखास गडबडतात, दिसायला सारखेच वाटतात पण एकात वर्षाचे २४ चेक आणि दुसऱ्यात २६.

समजा महिन्याला ३,९०० डॉलर आहेत. गुणिले १२ म्हणजे ४६,८००, भागिले ५२ म्हणजे आठवड्याचे ९००. हेच १,९५० चे दोन हप्ते असतील तरी ९००, आणि दर दोन आठवड्यांनी १,८०० असतील तरी ९०० च. ६८४ च्या वर आहेत, म्हणजे पगाराची अट पास, पण समजा काम बिलं टाकायचं आहे, म्हणून नॉन-एक्झेम्प्ट.

एका आठवड्याचं टाइमशीट घेऊ. सोमवार साडेआठ तास, मंगळवार ९, बुधवार ८, गुरुवारी महिनाअखेर म्हणून सव्वादहा, शुक्रवार सव्वानऊ, शनिवारी उरलेलं उरकायला ३. एकूण ४८. म्हणजे ४० च्या वर ८ तास, इथपर्यंत कोणाचा वाद नाही.

दुसरं काम, हा ९०० चा पगार किती तासांसाठी ठरला होता ते शोधा. सगळं इथेच अडतं.

पगार ४० तासांसाठी ठरला असेल तर ९०० भागिले ४०, रेट २२.५० डॉलर. दीडपट ३३.७५. आठ तासांचे २७०. आठवड्याचे एकूण १,१७०. सगळ्यात सरळ आणि बहुतेक ठिकाणी हेच असतं.

पगार ४५ तासांसाठी ठरला असेल, म्हणजे ऑफर लेटरमध्येच लिहिलंय की आठवड्याला ४५ तास काम अपेक्षित, तर भागायचं ४५ ने, रेट पडला २०. आता ४१ ते ४५ या पाच तासांचा मूळ पैसा ९०० मध्येच आलेला आहे, म्हणून त्यांच्यावर फक्त अर्धा द्यायचा, १० डॉलर प्रमाणे ५०. त्यापुढच्या तीन तासांना पूर्ण दीडपट, ३० प्रमाणे ९०. ओव्हरटाइम झाला १४०, एकूण १,०४०. इथे बऱ्याच कंपन्या ४१ ते ४५ ला काहीच देत नाहीत, पगारातच आलं ना म्हणतात. मूळ आलं, वरचं अर्धं नाही आलं.

पगार ३५ तासांसाठी असेल तर रेट चढतो, ९०० भागिले ३५ म्हणजे २५.७१. मग ३६ ते ४० या पाच तासांना साध्या रेटने १२८.५७, आणि ८ तासांना दीडपट रेटने ३०८.५७. एकूण १,३३७.१४. कागदावर ३५ तासांचा आठवडा असलेली ऑफिसं आहेत, तिथल्या लोकांनी हे जरूर तपासावं.

आणि चौथा प्रकार, जो मला स्वतःला फारसा आवडत नाही पण फेडरल कायद्यात बसतो, फ्लक्चुएटिंग वर्कवीक. यात पगार जितके तास होतील तितक्या सगळ्या तासांसाठी असतो. भागायचं प्रत्यक्ष झालेल्या तासांनी, ९०० भागिले ४८ म्हणजे १८.७५, आणि सगळ्या तासांचा मूळ पैसा आलेला असल्यामुळे वर फक्त अर्धा, ९.३७५ गुणिले ८, झाले ७५ डॉलर. एकूण ९७५. गंमत अशी की जितकं जास्त राबाल तितका रेट खाली येतो, ६० तास केले तर रेट १५ होतो आणि वीस तास जादा करून हातात १५० येतात.

पण ही पद्धत कंपनीला मनाला येईल तेव्हा लावता येत नाही. तास आठवड्या-आठवड्याला खरंच कमीजास्त होत असले पाहिजेत, ३२ तासांच्या आठवड्यातही पूर्ण ९०० मिळाले पाहिजेत, रेट किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये (फेडरल ७.२५ आहे, २००९ पासून हललेलं नाही), आणि दोन्ही बाजूंना हे आधीपासून स्पष्ट माहीत पाहिजे. तुम्ही ओव्हरटाइम मागितल्यावर मग कोणी ही पद्धत काढून दाखवत असेल तर आधी कधी, कुठे सांगितलं होतं ते विचारा. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात स्टेटच्या कायद्यात ही चालतच नाही.

म्हणजे बघा, पगार तोच, आठवडा तोच, तास तेच, आणि ओव्हरटाइम कुठे २७०, कुठे १४०, कुठे ७५. म्हणून ऑफर लेटर उघडून बघा. त्यात तासांचा उल्लेख नसेल तर हँडबुक, नाहीतर सुरुवातीपासून शिफ्ट कोणती होती, एचआरच्या ईमेलमध्ये काय लिहिलं होतं, ते बघायचं. तासांचा आकडा न लिहिणं हा कंपनीचा आळस असतो किंवा हुशारी, आणि दोन्हीचा त्रास शेवटी आपल्यालाच. नोकरी लागतानाच ईमेलवर विचारून घ्या की ही सॅलरी किती तासांची आहे, एका ओळीचं काम आहे.

बोनस असेल तर परत हिशोब

हा भाग बऱ्याच ठिकाणी पेरोल सॉफ्टवेअर पण नीट करत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. टार्गेट पूर्ण केलं, रजा घेतली नाही, अमुक प्रॉडक्शन झालं की मिळणार असं आधी कबूल केलेला बोनस, तसंच कमिशन, रेटमध्ये धरावं लागतं. वरच्याच आठवड्यात ९६ डॉलरचा असा बोनस असेल तर ९६ भागिले ४८ तास म्हणजे तासाला २ डॉलर, त्याचा अर्धा १, गुणिले ८ ओव्हरटाइम तास, आणखी ८ डॉलर. लक्षात घ्या, बोनसला भागायचं एकूण झालेल्या तासांनी, ४० ने नाही, कारण बोनस सगळ्याच तासांच्या कामाचा असतो.

तिमाही बोनस असेल तर तो मिळाल्यावर मागे जाऊन वाटायचा. १,३०० डॉलर १३ आठवड्यांवर टाकले की आठवड्याला १००. ज्या आठवड्यात ५० तास झाले तिथे १०० भागिले ५०, अर्धा १ डॉलर, दहा तासांचे १० डॉलर. ज्या आठवड्यात ४० च्या आत होतं तिथे काही नाही. रक्कम बारीक वाटते, पण अख्ख्या डिपार्टमेंटची केली की कंपनीला घाम फुटतो.

मालकाने खुशीने, आधी काही कबूल न करता दिलेला बोनस, सणाची भेट, प्रवासखर्चाची भरपाई, रजेचा पगार, हे यात येत नाही.

स्टेटचा कायदा वेगळा असू शकतो

फेडरल आणि स्टेट यात जे कामगाराला जास्त देतं ते लागू. कॅलिफोर्निया सगळ्यात कडक, तिथे दिवसाला ८ तासांच्या वर दीडपट, १२ च्या वर दुप्पट, आणि आठवड्यात सातही दिवस लागोपाठ काम केलं तर सातव्या दिवशी पहिल्या तासापासून दीडपट. दहा-दहा तासांचे चार दिवस केले तर फेडरलमध्ये काही नाही, पण कॅलिफोर्नियात, तशी शिफ्ट कामगारांचं रीतसर मतदान घेऊन मंजूर झालेली नसेल तर, ८ तास ओव्हरटाइम. शिवाय तिथे नॉन-एक्झेम्प्ट सॅलरीला जास्तीत जास्त ४० नेच भागायचं असं कायद्यातच लिहून ठेवलंय, ४५ तासांची सॅलरी वगैरे प्रकार चालत नाही. एक्झेम्प्टची पगाराची अट पण तिथे खूप वरची, २०२५ मध्ये ती वर्षाला ६८,६४० डॉलर होती. अलास्कात पण रोजचे ८ तास बघतात, कोलोरॅडोत रोजचे १२. बाकी तुमच्या स्टेटच्या लेबर डिपार्टमेंटची साइट बघून घ्या.

चेक आणि टॅक्स

ओव्हरटाइमच्या बदल्यात पुढच्या आठवड्यात सुट्टी घे, असं प्रायव्हेट कंपनीला करता येत नाही. सरकारी नोकरीत चालतं, तिथेही तासाला दीड तास. प्रायव्हेटमध्ये पैसेच, आणि सहसा त्याच काळाच्या चेकमध्ये.

२०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ओव्हरटाइमवर इन्कम टॅक्समध्ये वजावट आली आहे, पण पूर्ण रकमेवर नाही, फक्त वरच्या अर्ध्या भागावर. आपल्या ४० तासांच्या उदाहरणात २७० मधले १८० हा साधा रेट आणि ९० हा वरचा भाग, वजावट त्या ९० ची. वर्षाला जास्तीत जास्त १२,५००, नवरा-बायको जॉइंट भरत असतील तर २५,०००, आणि उत्पन्न दीड लाखाच्या वर, जॉइंटला तीन लाखांच्या वर गेलं की कमी होत जाते. एफएलएसएप्रमाणे देय असलेलाच ओव्हरटाइम यात धरतात, म्हणून एक्झेम्प्ट माणसाला कंपनीने खुशीने दिलेले जादा पैसे किंवा फक्त कॅलिफोर्नियाच्या रोजच्या ८ तासांच्या नियमाने मिळालेले यात येत नाहीत. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (सरकारी पेन्शन आणि आरोग्य विम्यासाठीची कपात) मात्र सगळ्यावर कापलं जातंच.

पैसे दिले नसतील तर

आधी पेरोलला साधा ईमेल टाका, आरोप न करता: आठवड्याची तारीख, तास, तुम्ही काढलेला रेट आणि फरक. निम्म्या वेळा सेटिंग चुकलेलं असतं आणि पुढच्या चेकमध्ये दुरुस्त होऊन येतं. नाही आलं तर लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे तक्रार करता येते, फी नाही, नाव गुप्त ठेवतात, आणि तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढणं बेकायदेशीर आहे. मागचे दोन वर्षांचे पैसे मागता येतात, मालकाने जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीन वर्षांचे, आणि कोर्टात गेलं तर बाकी रकमेइतकीच रक्कम भरपाई म्हणून वर मिळू शकते. मुदत प्रत्येक चेकपासून वेगळी मोजतात, म्हणजे बसून राहिलात तर जुना एक-एक आठवडा हातातून जात राहतो.

तासांची नोंद ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, पण सॅलरीवाल्यांची नोंद बऱ्याच ठिकाणी ठेवलेलीच नसते. १९४६ च्या माउंट क्लेमेन्स पॉटरी केसपासून कोर्ट असं मानतं की मालकाकडे नोंद नसेल तर कामगाराने पटण्यासारखा अंदाज दिला तरी चालतो, मग तो खोडून काढायचं काम मालकाचं. म्हणून रोज निघताना फोनमध्ये दोन वेळा टाइप करून ठेवा, कधी आलो आणि कधी निघालो, जेवायला किती वेळ गेला ते पण. लेबर डिपार्टमेंटचं स्वतःचं फुकट टाइमशीट ॲप आहे, ते नको असेल तर साधी एक्सेल शीट पुरते, फक्त ती ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका.